ड्रायरचा १९२५चा मूकपट : घरकाम हेच ज्याचं कथानक आहे

मुक्ता७

इडा फ्रान्सन घरात सगळ्यांच्या आधी उठते. शेगडी पेटवते, कॉफी टाकते, पाव कापते, नवऱ्याच्या सपाता उबेला ठेवते. मधेच तान्हं रडतं, मधेच मोठ्या मुलाचं आवरायचं असतं. हे सगळं होईस्तोवर नवरा उठून टेबलाशी बसतो आणि पावावर लोणी कमी आहे म्हणून कुरकुर सुरू करतो. इडा काही बोलत नाही. स्वतःच्या पावावरचं लोणी सुरीने खरवडून त्याच्या पावाला लावते.

कार्ल थेओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा 'दु स्काल एरे दिन हुस्त्रु' (म्हणजे 'तू आपल्या पत्नीचा मान राख') हा १९२५ सालचा मूकपट. इंग्रजीत तो 'मास्टर ऑफ द हाऊस' या नावाने मिळतो. ड्रायर म्हटलं की लोकांना १९२८चा 'जोन ऑफ आर्क' आठवतो, त्यात जोन झालेल्या फाल्कोनेत्तीचा अश्रूंनी भरलेला चेहरा आठवतो. त्याच माणसाने त्याच्या तीनच वर्षं आधी कोपनहेगनमधल्या एका लहानशा घरातल्या नवराबायकोवर हसवणारा सिनेमा काढला होता, याचा फार बोलबाला नाही. म्हणून हा धागा.

गोष्ट साधी आहे. व्हिक्टर फ्रान्सनचा धंदा बुडालेला आहे, हाती पैसा नाही, आणि तो सगळा राग घरात निघतो. दोरीवर वाळत घातलेले कपडे डोक्याला लागले की चिडतो. मुलाच्या बुटाला भोक पडलं की मुलालाच कोपऱ्यात उभं करतो. इडा झिजत चालली आहे. घरात एक म्हातारी बाई शिवणटिपणाला येते, तिला सगळे मॅड्स म्हणतात. व्हिक्टर लहान असताना त्याला तिनेच सांभाळलेलं. ती हे सगळं बघते, इडाच्या आईशी संगनमत करते आणि इडाला घराबाहेर काढते. इडा तिकडे जाऊन अंथरूण धरते, इतकी ती आतून संपलेली असते. इकडे घराचा ताबा मॅड्स घेते. बायको कुठे आहे हे व्हिक्टरला कोणी सांगत नाही आणि घरातली कामं एकेक करून त्याच्या अंगावर येतात.

हा सिनेमा मला मोठा वाटतो तो पहिल्या भागामुळे. दुसरा कोणीही दिग्दर्शक असता तर त्याने नवऱ्याला दारू पाजली असती, हात उगारायला लावला असता. ड्रायर तसलं काही करत नाही. तो फक्त कामं दाखवतो, एकामागून एक, ज्या क्रमाने ती खरोखर होतात त्या क्रमाने. कॅमेरा इडाच्या हातांवर असतो. एक काम निम्म्यावर असताना दुसरं कसं येऊन पडतं, आणि पहिलं काम अर्धं राहिलं याचाही दोष तिच्याच माथी कसा येतो, हे आपल्याला दिसत राहतं. एकही भाषण न होता व्हिक्टर दोषी ठरलेला असतो.

आणि मग शिक्षा काय, तर तीच कामं. तेच लाकूडफाटा आणणं, तेच लंगोट, तेच दोरीवर कपडे वाळत घालणं. ज्या दोरीवर तो खेकसला होता तीच. त्याला कोणी उपदेश करत बसत नाही. त्याचं मन हातांच्या वाटेने बदलतं, आणि म्हणून मला ते पटतं.

थोडं निर्मितीबद्दल. मूळ नाटक स्वेन रिंडोमचं, त्याचं नाव 'जुलमी माणसाचं पतन' अशा अर्थाचं. ड्रायरला खऱ्या घरात चित्रीकरण करायचं होतं, पण दिवे आणि कॅमेरा आत मावेनात. मग त्याने स्टुडिओत तसंच घर उभं केलं, चालू गॅस, नळाला पाणी आणि वीज यांसकट. त्यामुळे इडा नळ सोडते तेव्हा पाणी येतं. नटांना खोलीची सवय झालेली आहे हे जाणवतं. कोणतं भांडं कुठे आहे ते न बघता हात तिकडे जातो. पॅलाडियम ही निर्मितीसंस्था. लंबू-टिंगूच्या जोडीचे 'फी आणि बी' हे विनोदी मूकपट काढणारी कंपनी ती हीच. जॉर्ज श्नेफोग्ट कॅमेऱ्यामागे होता.

कोणी पाहिलाय का? मॅड्सबद्दल मुद्दाम कमी लिहिलंय, तुमच्याकडून ऐकायचं आहे.

निशिगंध

लोण्याच्या प्रसंगाशी मी दोन वेळा मागे गेले. त्यात एक गोष्ट अशी की इडाच्या चेहऱ्यावर त्याग वगैरे काही नाही. रोजचं आहे, झालं. अॅस्ट्रिड होल्मने हे फार वरच्या दर्जाचं केलंय. हीच बाई स्वीडिश दिग्दर्शक श्योस्त्रॉमच्या १९२१च्या 'फँटम कॅरेज'मध्ये सिस्टर एडिट होती.

मला मुलीबद्दल बोलायचं आहे. करेन. ती आईबरोबर उठते, न सांगता हाताखाली काम करते. वडील खोलीत आले की तिच्या खांद्यांची ठेवण बदलते, इतकं बारीक आहे ते. पोरगा रडतो, हट्ट करतो, कोपऱ्यात उभा राहतो. करेन काहीच करत नाही, ती फक्त वडिलांचा मूड ओळखून वागते. ज्या घरात एक माणूस तापट असतो त्या घरातल्या थोरल्या मुलीला ही विद्या आपोआप येते. मी अशा घरात वाढले आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या देशातल्या एका पुरुषाने हे टिपून ठेवलंय याचं मला अजून नवल वाटतं.

करेन झालेली कारिन नेलेमोसे तेव्हा विशीची होती, पण शाळकरी पोरच वाटते. पुढे ती डेन्मार्कच्या रंगभूमीवरची मोठी अभिनेत्री झाली.

आप्पा_सातारकर

छान लिहिलंत ताई. कालच रात्री सौ.बरोबर बसून पाहिला. आमच्याकडे लोण्याऐवजी साय होती एवढाच फरक. वडिलांच्या वाटीत साय पडायची, आई आमटी-भात कालवून उठायची. आम्हा भावंडांना त्यात वावगं काही दिसलंच नाही. सौ. म्हणाली, "तुम्हाला आत्ता दिसलं?" यापुढे मला काही लिहिता येत नाही.

चष्मेवाला

धाग्याबद्दल आभार. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे.

व्हिक्टरच्या धंद्याकडे आपण घाईने बघून पुढे जातोय. शेवटी इडाची आई पैसे देते आणि त्याच्यासाठी चष्म्याचं दुकान घ्यायचं ठरतं. मी याच धंद्यात आहे. काउंटरच्या मागे उभा असलेला माणूस दिवसभर दुसऱ्याच्या गरजेचा असतो. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, तुम्ही भिंगं बदलत जाता, "आता दिसतंय?" विचारता, आणि त्याचा चेहरा उजळतो. दुकान गेलं की हे सगळं जातं. माझ्या ओळखीच्या दोघांचं दुकान बंद झालेलं मी जवळून बघितलंय. घरी बसलेल्या माणसाला आपण कोणाच्याच उपयोगाचे नाही हे सहन होत नाही, आणि मग तो घरात हुकूम सोडायला लागतो, कारण हुकूम ऐकणारं तेवढं एकच ठिकाण उरलेलं असतं. योहानेस मायरने व्हिक्टर करताना हे ठेवलंय. तो टेबलाशी बसतो तेव्हा ताठ बसतो, पण डोळे कुठे लावायचे हे त्याला कळत नाही.

वागणुकीचं समर्थन करत नाहीये. पण ड्रायरने त्याला राक्षस केलं नाही, ही सिनेमाची ताकद आहे.

मुक्ता७

@चष्मेवाला, "डोळे कुठे लावायचे" हे फार बरोबर टिपलंत. माझ्या नजरेतून ते सुटलं असतं.

पण एक सांगते. दुकान एकट्या व्हिक्टरचं बुडालं नव्हतं. त्याच पैशात घर चालवणारी इडासुद्धा त्याच दिवशी गरीब झाली. तिला मात्र कोणावर हुकूम सोडायची सोय नाही. लोणी कमी का आहे, याचं उत्तर पैसे कमी आहेत हे आहे, आणि ते उत्तर त्याला माहीत असूनही तो तिलाच विचारतो. ड्रायर दोघांना एकाच टेबलावर बसवतो आणि हानी दोघांची झाली असूनही राग एकाचाच दिसतो. मला हे सहानुभूतीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

कोपनहेगनकर

इथे नोकरीनिमित्त आलो तेव्हा गोथर्सगेडवरच्या सिनेमाटेकमध्ये हा सिनेमा पियानोच्या साथीने बघायला मिळाला. सुरुवातीला प्रेक्षागृह शांत होतं, अगदी अस्वस्थ व्हावं इतकं. मॅड्सने ताबा घेतल्यावर जो हशा सुरू झाला तो शेवटपर्यंत थांबला नाही. शेजारच्या आजीबाई तर डोळे पुसत होत्या. विनोद इथे सुटकेसारखा येतो, कारण पहिला भाग ड्रायरने खरोखर दाबून धरलेला आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो, कामाची वाटेल. डॅनिश बायकांना संसदेच्या मतदानाचा हक्क १९१५ साली मिळाला. १९२४ साली निना बँग शिक्षणमंत्री झाल्या, देशातल्या पहिल्या स्त्री मंत्री. आणि मार्च १९२५मध्ये, म्हणजे हा सिनेमा आला त्याच वर्षी, विवाहाच्या कायदेशीर परिणामांबद्दलचा नवा कायदा झाला. नवराबायको दोघांनी आपापल्या परीने संसाराला हातभार लावायचा, आणि तो पैशानेच असं नाही, घरातल्या कामानेही लावता येतो, असं त्यात धरलेलं आहे. म्हणजे घरकामाला किंमत आहे हे संसदेत लिहून झालं होतं. स्वयंपाकघरात ते पोचलं होतं का, ही गोष्ट वेगळी. सिनेमा ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. लोकांनी पेपरात त्या कायद्याची चर्चा वाचलेली असणार, हे धरून बघितलं की व्हिक्टर आणखी मागासलेला दिसतो.

आणि दोरीबद्दल. इथला हिवाळा लांब आणि ओला. बाहेर काही वाळत नाही. लहान घरात तान्हं असेल तर शेगडीच्या आसपास कपडे टांगण्यावाचून गत्यंतर नसायचं. व्हिक्टर ज्यावर चिडतो ते टाळताच येण्यासारखं नाही.

मुक्ता७

@कोपनहेगनकर, कायद्याची माहिती अमूल्य. मूळ लेखात हवी होती ही. मनापासून आभार.

अवखळवारा

सगळ्यांचं वाचलं. सिनेमा काल बघितला आणि माझं मत जरा तिखट आहे.

१९२५च्या मानाने तो पुढचा आहे, हे मान्य. पण मला मॅड्सबद्दल प्रश्न पडला. व्हिक्टरला लहानपणी वाढवलं कोणी? हिनेच. कोपऱ्यात उभं करायची शिक्षा तो आपल्या मुलाला देतो, ती त्याने कोणाकडून शिकली? मॅड्स शेवटी त्यालाच कोपऱ्यात उभं करते आणि आपण हसतो. मीही हसले. पण मग घर सुधारलं म्हणजे काय झालं? एक हुकूमशहा गेला, त्याच्यावरचा मोठा हुकूमशहा आला. धाकाने वाकलेल्या माणसाला आणखी मोठ्या धाकाने सरळ केलं.

दुसरं, इडा. सिनेमा तिच्या नावाने सुरू होतो आणि मधे ती गायबच होते. तिला राग येत नाही. परत येते तेव्हाही तिच्या डोळ्यांत नवऱ्याची काळजीच आहे. बाकी सगळे तिच्या वतीने चिडतात, मॅड्स, आई, आपण प्रेक्षक. तिला स्वतःला एकदा तरी ओरडायला मिळायला हवं होतं.

निशिगंध

@अवखळवारा, मॅड्सचा मुद्दा जबरदस्त आहे. मी त्याला असं उत्तर देईन की ड्रायरला हे माहीत आहे. व्हिक्टर मॅड्ससमोर येतो तेव्हा मोठा माणूस राहतच नाही, त्याची मान आपोआप खाली जाते. शिक्षा कुठून आली हे सिनेमा लपवत नाही. मॅड्स ज्या हट्टाने ही कामगिरी अंगावर घेते त्यात मला "हा मीच बिघडवलाय, मीच निस्तरते" असं काहीतरी दिसतं. मॅड्स झालेल्या माथिल्डे निल्सनचा चेहरा एका क्षणी करडा असतो आणि पाठ वळली की तिचं तिलाच हसू येतं. तिला तो पोरगा अजून आवडतो. धाक आहे, पण द्वेष नाही, आणि व्हिक्टर इडाशी वागतो त्यात आणि यात हा फरक आहेच.

इडाच्या रागाबद्दल मी तुझ्या बाजूची आहे. मात्र एक लक्षात घे, ती रागावत नाही तर कोसळते. आमच्या आईचंही तेच झालं होतं. शरीर आधी बोललं.

जुनाफिल्लम

विषय जिव्हाळ्याचा, त्यामुळे लांबण लागेल.

त्या काळात लग्नावरचे विनोदी मूकपट कमी नव्हते. सेसिल डिमिलचा 'व्हाय चेंज युवर वाइफ?' १९२०चा, त्यात बायकोने कपडे बदलले की संसार सुधारतो. लुबिचचा 'मॅरेज सर्कल' १९२४चा, व्हिएन्नातली श्रीमंत जोडपी, गैरसमज, डोळ्यांचे खेळ. तो फार सुंदर सिनेमा आहे आणि चॅप्लिनच्या 'वुमन ऑफ पॅरिस'चा त्यावरचा परिणाम लुबिच स्वतः मान्य करायचा. पण या दोन्ही सिनेमांत स्वयंपाक कोण करतं हे दिसत नाही. घरात मोलकरीण आहे, प्रश्न फक्त प्रेमाचा आहे. ड्रायरने लग्न दिवाणखान्यातून काढून शेगडीपाशी आणलं.

खुद्द ड्रायरचा १९२०चा 'पार्सन्स विडो' सुद्धा लग्नावरचा विनोदी सिनेमाच आहे, तो जरूर बघा. तरुण पाद्र्याला गावातली जागा हवी असेल तर आधीच्या पाद्र्याच्या म्हाताऱ्या विधवेशी लग्न करावं लागतं, आणि त्याची वाग्दत्त वधू बहीण म्हणून घरात येते. नॉर्वेत लिलेहामरच्या माइहाउगेन या उघड्यावरच्या संग्रहालयातल्या जुन्या घरांत तो चित्रित झाला. विधवा झालेल्या हिल्डूर कार्लबेरी सत्तरीच्या पुढच्या होत्या आणि सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आधीच वारल्या. म्हातारी आधी चेटकीण वाटते आणि शेवटी तिच्यासाठी जीव तुटतो. मॅड्स तिचीच पुढची पिढी आहे असं मला वाटतं. हेकेखोर म्हाताऱ्या बायकांवर ड्रायरचं प्रेम होतं.

त्याचं स्वतःचं आयुष्य बघितलं तर हे समजतं. अविवाहित आईच्या पोटी १८८९ साली जन्म. आई स्वीडनमधली, लोकांच्या घरी काम करणारी. तिने मूल दत्तक दिलं आणि दोनच वर्षांत, पुन्हा दिवस गेलेले असताना गर्भ पाडण्यासाठी आगकाड्यांचा फॉस्फरस पोटात घेतल्यामुळे ती गेली. ड्रायरला हे मोठेपणी कळलं. घरकामाला येणाऱ्या बाईला त्याने या सिनेमात सगळ्यात जास्त अधिकार दिलेत, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

आपल्याकडचं सांगायचं तर १९२५ हेच बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'चं वर्ष. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढलेला, कथा नारायण हरी आपटे यांची, तरुण शेतकरी झालेले शांताराम. पौराणिक सिनेमांच्या लाटेत पेंटर शेतकऱ्याच्या झोपडीत कॅमेरा घेऊन गेले. कोपनहेगन आणि कोल्हापूरला एकमेकांची खबर नव्हती, पण गरिबाच्या घराची खोली जशी आहे तशी दाखवायची ओढ एकाच वेळी दोन्हीकडे होती. लग्नाच्या विषयावर १९२७ साली मुंबईत चंदुलाल शहांनी गोहर या अभिनेत्रीला घेऊन 'गुणसुंदरी' केला. त्यात दिवसभर घरात राबणाऱ्या बायकोचा नवऱ्याला कंटाळा येतो. आज हे दोन्ही मूकपट आपल्याला बघता येत नाहीत. ड्रायरचा सिनेमा धडधाकट हाती आहे आणि आपले गेले, याचं वाईट वाटतं. गोहरचे हात स्वयंपाक करताना कसे दिसत होते, हे मला बघायचं होतं.

मुक्ता७

@जुनाफिल्लम, आईबद्दलची माहिती वाचून थबकले. 'गुणसुंदरी'वर स्वतंत्र धागा काढा ना, हक्काने सांगते.

पाणकोंबडी

वाचनखूण साठवली आहे. मूकपट कधी पाहिला नाही. झेपेल का? आणि संगीत कुठलं लावायचं?

कोपनहेगनकर

@पाणकोंबडी, नक्की झेपेल. पावणेदोन तासांचा आहे. जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीची डिस्क २०१४ साली आली, त्यातली प्रत स्वच्छ आहे आणि सोबत संगीतही आहे. डॅनिश पाट्या आणि खाली इंग्रजी उपशीर्षकं. मोबाइलवर मात्र बघू नका. या सिनेमात अर्धी गोष्ट हातांत आहे आणि लहान पडद्यावर हात हरवतात. पहिल्या अर्ध्या तासात "काही घडत नाहीये" असं वाटेल, तेव्हा बंद करू नका.

चष्मेवाला

@मुक्ता७, "हानी दोघांची, राग एकाचा" यावर दिवसभर विचार केला. पटलं. त्याचबरोबर शेवट मला आता खटकायला लागलाय. सासूच्या पैशातून दुकान मिळतं आणि घडी बसते. दुकान मिळालं नसतं तर तो असाच राहिला असता का? ड्रायरने याचं उत्तर द्यायचं टाळलंय. चार महिने बेकार राहूनही तो लंगोट बदलत राहिला असता तर मी त्याला सुधारलेला म्हटलं असतं.

निशिगंध

+१. अगदी.

जुनाफिल्लम

तो नाटकाचा वारसा आहे. रंगभूमीवर प्रेक्षकाला घरी गोड तोंडाने पाठवायचं असायचं. १९४२ साली डेन्मार्कमध्ये याच नाटकावर बोलपटही निघाला, म्हणजे गोष्ट किती लोकप्रिय होती बघा. फ्रान्समध्ये तर ड्रायरचा हा सिनेमा इतका चालला की तिथल्या निर्मात्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि त्यातूनच 'जोन' झाला. जोनमधले क्लोज-अप आकाशातून पडलेले नाहीत. इडाच्या टेबलापाशी, दोन हात अंतरावरून चेहरे वाचायची सवय त्याने आधीच लावून घेतली होती.

मुक्ता७

@अवखळवारा, तुमच्या आक्षेपावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, कारण तो बरोबर आहे. इडाला बोलू दिलेलं नाही. पण ड्रायरने शेवटचा सिनेमा १९६४ साली केला, 'गेर्त्रुद', तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. त्यात वकील नवरा मंत्री व्हायच्या बेतात आहे आणि बायको शांतपणे त्याला सांगते की तुला माझ्यापेक्षा तुझं काम प्रिय आहे, मी निघाले. आणि निघते. तिला परत आणायला कोणी मॅड्स नाही, सासूचे पैसे नाहीत. जे इडाला म्हणता आलं नाही ते एकोणचाळीस वर्षांनी त्याच्या दुसऱ्या नायिकेने म्हटलं. तुम्ही तो बघाच.

अवखळवारा

बघते. पण इडाला ओरडू द्यायला हवं होतं हे माझं म्हणणं कायम आहे. 'गेर्त्रुद' बघून पुन्हा इथेच लिहीन.